गाऊनच्या लेखातली दुरुस्ती

६ ऑगस्ट

धाकटीस,

आशीर्वाद. घरातली सगळी बरी असतील असं धरून चालतो.

आज सकाळी वॉशिंग मशीनवाला येऊन गेला. आतला पट्टा बदलला. नंतर मी शिवणाच्या खोलीतला पंखा पुसला, पेपर वाचला, चार वाजता कॉम्प्युटर उघडला तर तुझी मेल होती. लेख परत आला होता.

तू म्हणतेस फोन करत जा, पण फोनवर मला सुचत नाही. तू रडायला लागलीस की मी ‘बरं, ठेवतो’ म्हणतो, आणि मग दिवसभर वाटत राहतं की ठेवायला नको होता. म्हणून हे पत्र. मेलनेच पाठवतोय, पण पत्र समज.

तुझे शेरे वाचले. पहिलाच शेरा, ‘अहो भाऊजी, हा लेख आहे की टेंडर?’ तो वाचून मी एकटाच हसलो. राग आला नाही. तुमच्या संकेतस्थळावर तुझी ताई इतकी वर्षं शिवणाचं सदर लिहीत होती, तेव्हा माझा संबंध फक्त आकृत्यांशी. ती शिवलेला कपडा पुढ्यात टाकायची, मी टेप लावून माप घ्यायचो आणि कागदावर रेघा मारायचो. कारखान्यात जन्मभर यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग काढली. ड्रॉइंगमध्ये वाक्य नसतं. कोणाला काही वाटलं, कोणाचं काही दुखलं, असलं काही नसतं. त्यामुळे तिचा अर्धा राहिलेला लेख मी पुरा करीन म्हणालो, तेव्हा मी काय बोलून बसलो हे माझं मलाच कळलं नव्हतं.

माझा सुरुवातीचा परिच्छेद तू अख्खा उडवलास. ‘मानवाला प्राचीन काळापासून वस्त्राची गरज भासत आली आहे’ हे वाक्य मला बरं वाटलं होतं. शाळेत निबंधाची सुरुवात आम्ही अशीच करायचो. तू लिहिलंस, ‘वाचणारीच्या एका हातात कात्री आहे, दुसऱ्या हातात फोन. घरचं माणूस उद्या दवाखान्यातून यायचंय. तिला प्राचीन काळ नकोय, पुढची पट्टी किती रुंद कापायची ते हवंय. पहिल्या चार ओळींत सांगून टाका.’ पटलं. पट्टीचं माप वर आणलं.

मथळ्याचंही पटलं. मी दिलेला ‘शस्त्रक्रियोत्तर रुग्णवस्त्र : एक अभ्यास’ कोणी उघडणार नाही हे तू म्हणालीस तेव्हाच लक्षात आलं. पण तुमच्या ऑफिसातल्या मुलीने सुचवलेला ‘हा गाऊन शिवा आणि वेदना विसरा’ तू फेटाळलास हे फार चांगलं केलंस. असं लिहू नये. मी आता सरळ ‘छातीच्या ऑपरेशननंतर घालायचा, पुढून उघडणारा गाऊन’ असं केलंय.

‘डॉक्टरांच्या मते’ याखाली लाल रेघ मारून तू विचारलंस, कोणते डॉक्टर? खरं सांगायचं तर डॉक्टर नव्हतेच. ड्रेसिंगला येणारी नर्स होती. जखमेतून पाणी काढणाऱ्या नळीची बाटली जखमेपेक्षा खालीच राहिली पाहिजे म्हणून खिसा खाली घ्या, हे तिने सांगितलं होतं. तसंच लिहिलं. तिला फोन करून विचारलंही. ती म्हणाली, ‘काका, माझं नाव नका टाकू, पण गोष्ट खरी आहे.’ दुसऱ्या संकेतस्थळावरून उचललेला फोटोही काढून टाकला. तो त्यांचा आहे, बरोबर.

आणखी एक शेरा होता. ‘गाऊन शिवला गेला’ या वाक्यापुढे तू लिहिलंस, ‘कोणी शिवला? कोणासाठी? एवढं सांगितलंत तर लेखात जीव येईल.’ ते वाक्य मी काढून टाकलं आहे. त्याच्याशिवाय काही अडत नाही.

लेखाखाली नाव ताईचंच ठेवूया म्हणालीस. ठेव. निम्मा तिचाच आहे.

तुझा,
भाऊजी


२१ ऑगस्ट

धाकटीस,

आशीर्वाद. आज दुकानातून दोरा आणि बल्ब आणला. बल्ब चुकीचा निघाला, परत जाऊन बदलून आणला. एवढंच झालं दिवसभरात. तुझ्या धाकट्याचा खोकला गेला का? रात्री पंखा कमी ठेवायला सांग.

लेख पानावर दिसला. चांगला दिसतो. परिच्छेद लहान केलेस ते बरं झालं. मी फोनवरही उघडून बघितला, तर माझा एक परिच्छेद आधी जिन्यासारखा खाली खाली जात होता तो आता एका नजरेत मावतो.

फोटोबद्दल सांगायचं राहिलं. खुंटीवरच्या गाऊनचा फोटो तू नाकारलास, ‘रिकामा कपडा कसा बसतो ते कळत नाही, कोणाला तरी घालायला द्या’ म्हणालीस. बरोबरच होतं. मी समोरच्या बाईंना विचारणार होतो. जिन्यात गाठही पडली. पण तोंडातून ‘वर पाणी आलं का?’ एवढंच निघालं. त्या म्हणाल्या, ‘सकाळपासून आहे की!’ मग मी वर आलो.

तर फोटोत मी आहे. तुला कळलं असेलच. कपाटाच्या कडेवर फोन ठेवून टायमर लावला आणि पळत जाऊन उभा राहिलो. पहिल्या दोन-तीन फोटोंत मी नाहीच, नुसती गाऊनची कड पळताना दिसते. आतल्या खिशात नळीच्या बाटलीऐवजी पाण्याची छोटी बाटली ठेवली. मानेपासून वरचं कापलंस ते बरं केलंस. गाऊन सैलच आहे, मला होतो. धुतलेला होता. तरी काढल्यावर थोडा वेळ तसाच खाटेवर बसलो आणि मग घडी करून ठेवला.

खाली बरेच प्रश्न येतात. एकीने लिहिलंय, ‘ताई, या वेळी मॉडेल कुठून पकडून आणलंत? मनगटावर केस आहेत!’ त्यावर दुसरीने लिहिलं, ‘अगं, घरचे ड्राफ्ट्समन असतील, आणखी कोण सापडणार फुकटात!’ त्यांना माझ्याबद्दल कसं माहीत, कोण जाणे.

प्रश्नांची उत्तरं वेळच्या वेळी जात आहेत, त्याची काळजी करू नकोस. नव्या लेखकांना तुम्ही ज्या सूचना देता त्यात आहेच, की लेख टाकून लेखकाने पळून जाऊ नये, खाली लोक उभे असतात.

एक बस चालवणारे गृहस्थ आहेत. आईचं ऑपरेशन झालंय. घरात शिवणारी तीच एक, त्यामुळे तिच्याच मशीनवर ते तिच्यासाठी गाऊन शिवतायत. ड्यूटी संपली की डेपोतून लिहितात. त्यांना गाऊन बगलेत काचतोय. त्यांना कळवलं गेलं की माप पुन्हा घ्या, आणि कापड बेतण्याआधी धुतलं होतं का ते बघा, नवीन सुती कापड आकसतं. शिकाऊ माणूस आहे, कुठेतरी चुकलं असेल.

माझी तब्येत ठीक. जेवण वेळेवर होतं.

तुझा,
भाऊजी


४ सप्टेंबर

धाकटीस,

आशीर्वाद. आज सकाळपासून शिवणाच्या मशीनवर होतो. काल फोनवर मी मध्येच थांबलो, त्याचा तू भलता अर्थ घेऊ नकोस. जे बोलता आलं नाही ते लिहितो. क्रमाने लिहितो, म्हणजे माझ्याकडून गाळलं जाणार नाही.

बसवाल्यांनी पुन्हा लिहिलं. तुला कालच वाचून दाखवलं, पण ते इथेही हवं म्हणून उतरवतो. ‘ताई, तुम्ही म्हणालात तसं माप परत घेतलं, कापड धुऊन वाळवून घेतलं, नवीन गाऊन शिवला. तरी तसाच. आईचा हात बाहीत जातो आणि बगलेत अडकतो. टाक्यांच्या जागी दाबलं जातं, ती ओरडते. ती म्हणते, तू आपली बस चालव, ती तरी तुझ्या मापाची आहे. दोन दिवस टॉवेल गुंडाळून बसली आहे. सोडून देऊ का?’

त्याच दिवशी आणखी एका बाईंनी तेच लिहिलं. दोन माणसं, दोन घरं, एकच जागा काचते. कारखान्यात असं झालं तर कोणी कारागिराला धरत नाही, ड्रॉइंग मागवतात.

मग मी ते केलं जे लेख पाठवण्याआधी करायला हवं होतं. जुना पडदा घेतला, आपलाच लेख फोनवर उघडला आणि त्यात लिहिलंय तेवढंच, शब्दाला शब्द धरून बेतलं, कापलं, शिवलं. माझी शिलाई वेडीवाकडी आहे पण टिकते. अंगात घालायला गेलो तर हात बगलेत अडकला. मी त्या गाऊनमध्ये अर्धा आत, अर्धा बाहेर असा टेबलापाशी जाऊन आकृती बघितली. आकृतीत चूक नव्हती. ताईच्या गाऊनचं जे माप, तेच आकृतीत.

तीच चूक होती. आम्ही ड्रॉइंगवर तयार वस्तूचं माप देतो. कातताना, घासताना किती धातू जाईल आणि त्यासाठी आधी किती जास्तीचा ठेवायचा, ते मशीनवरचा कारागीर बघतो. मी तिच्या कपड्यांचंही तसंच करत आलो. शिवलेला कपडा मोजायचा, तयार माप द्यायचं. शिलाईचं मार्जिन मी एकाही आकृतीत कधी धरलेलं नाही. मग इतकी वर्षं लोकांचे कपडे बसत कसे होते?

म्हणून मी तिचे जुने लेख उघडले. धाकटे, तुला सांगायला हरकत नाही, मी ते कधी वाचले नव्हते. छापून आले की माझी आकृती सरळ लागली आहे ना, एवढं बघायचो आणि ‘छान झालाय’ म्हणायचो. काल आणि परवा बसून सगळे वाचले. प्रत्येक लेखात, आकृतीच्या आधी, तिचं एक वाक्य आहे. कधी असं, कधी तसं, पण आहे. ‘घरच्या ड्राफ्ट्समननी आकृतीत तयार माप दिलं आहे. त्यांच्या नादी लागू नका, चहूबाजूंनी पाऊण इंच सोडून बेता.’ एका ठिकाणी लिहिलंय, ‘त्यांना सांगून सुधारता आलं असतं, पण मग मी काय लिहू?’

आता कळलं त्या बायकांना माझी माहिती कुठून.

ती गेल्यावर ते वाक्य लिहायला कोणी उरलं नाही, आणि ते राहिलंय हे कळायला मी ते कधी वाचलेलं नव्हतं. पाऊण इंच म्हणजे थोडं वाटतं. पण दोन्ही बाजूंच्या शिवणी धरल्या तर घेरात तीन इंच जातात. दुखऱ्या बाजूला तीन इंच कमी म्हणजे काय, ते मी जवळून बघितलं आहे. तिने स्वतःचा गाऊन का शिवला? दवाखान्यातून दिलेला तिला तिथेच काचत होता. शेवटच्या दिवसांत तिला अंगावर तेवढा एकच कपडा सहन होत होता. हे तू लेखात लिहायला सांगितलं होतंस आणि मी लिहिलं नाही.

दुसरी गोष्ट. खाली जी उत्तरं जात होती ती मी देत होतो, पण नाव तिचं दिसत होतं. मुद्दाम केलं नाही. घरच्या कॉम्प्युटरवर तिचंच खातं कायम उघडं असायचं. कोणीतरी विचारलं, खिसा कोणत्या बाजूला. मी लिहिलं, ज्या बाजूला नळी आहे त्या बाजूला, आतून. पाठवल्यावर बघतो तर शेजारी तिचा फोटो, तो चष्मा कपाळावर चढवलेला. पुसून टाकणार होतो. तेवढ्यात त्या बाईंचं उत्तर आलं, ‘ताई! किती दिवसांनी! बऱ्या झालात ना आता?’

मी ‘हो’ लिहिलं.

त्यानंतर मला मागे फिरता येईना. रोज संध्याकाळी बसायचो. ताई हे कसं करू, ताई ते कसं करू. मी तिच्यासारखं लिहायला बघायचो. दोनदा तर तिच्यासारखा विनोदही केला. आणि त्याच हाताने त्या बसवाल्यांना सांगितलं की तुमचं माप चुकलं.

काल हे सांगितल्यावर मला वाटलं तू ओरडशील. तू म्हणालीस, ‘मला माहीत होतं भाऊजी. मी रोज बघत होते. संध्याकाळ झाली की ताईच्या नावापुढे हिरवा ठिपका लागायचा. मला माहीत होतं तुम्ही आहात. तरी तो लागला की मी कामाला लागायचे.’ मग तू म्हणालीस, ‘आकडे मी गुपचूप बदलून टाकते. दोन मिनिटांचं काम आहे, कोणाला कळणार नाही. बाकीचं आत्ता नको ना.’

तुला का नको आहे ते मला समजतं. मलाही नकोच होतं, म्हणून तर इतके दिवस गेले. पण आकडे गुपचूप बदलले तर ज्यांनी कापड आधीच कापलंय त्यांना कसं कळणार? त्या बाई टॉवेल गुंडाळूनच बसणार आणि मुलाला नावं ठेवणार. तुमच्याच सूचनांमध्ये लिहिलंय, चूक दुरुस्त केली तर काय चुकलं होतं ते लेखाच्या सुरुवातीला उघड लिहावं. तो कागद तूच लिहिलेला आहेस हे भाषेवरूनच कळतं.

आणि उघड लिहायचं तर लेखाखाली तिचं नाव आहे. चूक तिच्या नावावर जाईल. तिने आयुष्यात कोणाला घट्ट कपडा दिला नाही, धाकटे. ते मी होऊ देणार नाही. ती चूक तिची नाही असं म्हणायचं तर ती नाही हे सांगावं लागतं. मी दोन दिवस दुसरी वाट शोधली. नाही.

खाली मजकूर देतो. भाषा सुधार, पण अर्थ तसाच ठेव.

‘दुरुस्ती : या लेखातल्या आकृतीत शिलाईचं मार्जिन धरलेलं नव्हतं. त्या मापाने कापलेला गाऊन छातीवर आणि बगलेत घट्ट होतो. नवी आकृती दिली आहे. ज्यांनी आधीच शिवला आहे त्यांनी बाजूची शिवण उसवून उभी पट्टी आणि बगलेत चौकोनी तुकडा जोडावा. कृती शेवटी आहे. ती करून पाहिली आहे.

ही चूक ताईंची नाही. त्या मे महिन्यात वारल्या. हा गाऊन त्यांनी स्वतःसाठी शिवला होता आणि स्वतः वापरला. लेखाचा पुढचा भाग आणि आकृती त्यांच्या नवऱ्याची आहे. त्यानंतर त्यांच्या नावाने इथे आलेली उत्तरंही त्याचीच आहेत. ज्यांना ‘तुमचं माप चुकलं’ असं सांगितलं गेलं, त्यांचं माप बरोबर होतं. त्यांची माफी मागतो. काही अडलं तर फोन करावा.’

त्यापुढे माझा नंबर टाक. आणि हे वरच टाक. खाली टाकलंस तर कापून झाल्यावर वाचलं जाईल.

पट्टी आणि तुकडा मी आज पडद्याच्या गाऊनला जोडून बघितला. पहिल्यांदा उलटा जोडला गेला. दुसऱ्यांदा बसला. हात आत गेला.

तू आधी तुझं रडून घे, मग लेखाला हात लाव. आज रात्रीच्या आत झालं तर बरं, ते गृहस्थ सकाळी ड्यूटीवर जाण्याआधी बघतात.

तुझा,
भाऊजी


१९ सप्टेंबर

धाकटीस,

आशीर्वाद. आज गॅसवाला आला नाही. दुपारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो, नंबर थोडा वाढलाय. ते म्हणाले बारीक काम करता का? मी म्हटलं, हल्ली करतो.

तू त्याच संध्याकाळी टीप टाकलीस. एकही शब्द बदलला नाहीस. फक्त शेवटी एक ओळ जोडलीस, ‘त्या या संकेतस्थळाच्या संपादकांच्या थोरल्या भगिनी होत.’ वाचून मला वाटलं, हिलाही टेंडरच लिहिता येतं. हसलो म्हणून रागावू नकोस. मला ती ओळ फार आवडली.

खाली पुष्कळ लोकांनी लिहिलं. सगळं एकदम वाचवेना. थोडं थोडं वाचतो. एकीने लिहिलंय की मुलीच्या पहिल्या झबल्यापासून ती ताईच्या लेखांवर शिवते आणि आता मुलगी तिच्यापेक्षा उंच आहे. ज्या बाईंनी ‘बऱ्या झालात ना’ विचारलं होतं, त्यांनी फक्त ‘तुम्ही जपा’ असं लिहिलं. मी त्यांची वेगळी माफी मागितली. काही जण रागावले, तेही बरोबर आहे. एकाने विचारलं, मेलेल्या माणसाच्या नावाने उत्तरं देताना काही वाटलं नाही का? त्याला सांगितलं, की वाटत होतं.

बसवाल्यांचा फोन आला. ‘साहेब, मी तो बसवाला.’ मी म्हटलं, ‘हां, बोला.’ ते म्हणाले, ‘मला सांत्वनाचं वगैरे बोलता येत नाही.’ मी म्हटलं, ‘मलाही.’ मागे गाड्यांचे हॉर्न. शेवटी ते म्हणाले, ‘थांबा, आईला फोन देतो, ती बोलते,’ आणि खरंच त्यांनी सगळं बोलून टाकलं.

‘तुमची बायको गेली, वाईट झालं. माझ्याहून लहानच असणार. पण तुमच्या त्या आकृतीपायी मी पोराला काय काय बोलले, त्याचं काय?’

‘चूक माझी होती, असं सांगा त्याला.’

‘सांगितलं ना! तरी रोज ऐकवतोय. जेवायला वाढलं तरी म्हणतो, माझं माप बरोबर होतं.’

मागून मुलगा, ‘होतंच मुळी!’

‘बघा. आता हा जन्मभर ऐकवणार.’ मग आवाज खाली आणून म्हणाल्या, ‘पट्टी घातली त्याने. तुकडापण घातला. वाकडा आहे, पण मी काही बोलले नाही. हात अजून वर जात नाही, पण बाहीत जातो. दोन दिवस झाले, गाऊन घालून खिडकीत बसते. टॉवेल नाही.’

मी म्हटलं, ‘बरं झालं.’ आणि या वेळी लगेच ‘ठेवतो’ म्हणालो नाही. त्यांनी विचारलं, तुमची बायको हा गाऊन घालून बसायची का? मी म्हटलं, हो. कुठे बसायची? मी म्हटलं, मशीनपाशीच, दुसरं काही जमत नसलं तरी खुर्ची तिथेच लागायची. काय बोलायची? धाकटे, मी त्यांना पुष्कळ सांगितलं. तुझ्याशी इतका वेळ कधी बोललो नसेन. त्या ऐकत होत्या, मध्येच मुलाला ‘आवाज कमी कर’ म्हणत होत्या.

तू मला माझ्या नावाचं खातं उघडून दिलंस, ते चालू झालं. त्याआधी तिच्यातून बाहेर पडावं लागलं. कॉम्प्युटरने विचारलं, नक्की बाहेर पडायचं आहे का? मी उठलो, पाणी प्यायलो, परत येऊन बसलो. तोवर तो प्रश्न तसाच पडद्यावर होता. मग दाबलं. तुझ्याकडचा हिरवा ठिपका विझला असेल. तुला आधी सांगायला हवं होतं, पण सांगितलं असतं तर दोघांच्याही हातून झालं नसतं.

सदर चालू ठेवायचं का, असं तू विचारलं आहेस. मला ताईसारखं लिहिता येणार नाही आणि आता तसा प्रयत्नही करणार नाही. पण तिच्या टेबलावर तीन कपडे कापून पडले आहेत. खांदा न उचलता घालता येईल असा सदरा आहे, तो आधी घेतो. आधी मी स्वतः शिवीन, मग समोरच्या बाईंना देऊन शिवून घेईन. या वेळी जिन्यात त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, ‘एवढंच होतं तर तेव्हाच का नाही बोललात? नुसतं पाणी आलं का, पाणी आलं का!’ त्यांना आकृती वाचता येत नाही, म्हणून त्याच बऱ्या. जिथे त्या अडतील तिथे माझं वाक्य कमी आहे असं समजायचं. तुला हे तंत्र बरं वाटलं तर सूचनांमध्ये घाल.

नवा लेख आला की लाल रेघा कमी मारू नकोस. मी दुखावत नाही. कोणी शिवला, कोणासाठी, हे या वेळी पहिल्या चार ओळींत लिहितो.

वसुलीवाल्याचा असल्यासारखा फोन ठेवत जाऊ नका असं तू मागे म्हणाली होतीस, तर रविवारी मीच करतो. रडलीस तरी चालेल. मी ठेवणार नाही.

आता पत्र आवरतो. गच्चीत चादरी वाळल्या असतील, ऊन उतरायच्या आत आणायला हव्यात. मोठ्या चादरीची घडी एकट्याने घालायची तर एक कड हनुवटीखाली दाबून धरावी लागते आणि दोन्ही हात लांब करावे लागतात. घडी थोडी तिरकी होते. मग खाटेवर पसरून हाताने सरळ करतो.

तुझ्या ताईचा नवरा,
भाऊजी